देवमाशाचा दात

त्या सकाळी उनाइसी नारळ खवत बसली होती आणि चक्क गुणगुणत होती. ताराइविनीने ते ऐकलं, पण मुद्दामच वर पाहिलं नाही. सुवा शहरात ती मारहाण सोसलेल्या बायकांची समुपदेशक होती. भेदरलेलं माणूस पुन्हा गुणगुणू लागलं की त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

उनाइसी तिच्या भावाची मुलगी. नवऱ्याने पुढचा दात पाडला तेव्हा ती माहेरी आली. झोप नाही, घास उतरत नाही. आत्या रजा काढून गावी आली. तिने उपदेश केला नाही. भाचीबरोबर कसावा सोलला, खाडीत कपडे धुतले आणि अधूनमधून एवढंच म्हटलं, "तुझ्या जिवाला काय हवंय ते आधी तू ऐक. लोकांचं मागाहून."

दुपारी दाराशी गाडी थांबली. उनाइसीचा हात तोंडावर गेला.

सासरची माणसं होती. नवरा नेतानी मान खाली घालून सर्वांत मागे बसला. त्यांच्या म्होरक्याने दोन्ही हातांत देवमाशाचा दात धरला होता. पिवळसर, जुना, काथ्याच्या वेणीला बांधलेला. गुन्हा पुरायची ही वाडवडिलांची रीत. मुलीच्या बापाने दात घेतला की गुन्हा गाडला गेला. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही आणि मुलीने सासरी निघायचं.

"बाप रे, केवढा!" उनाइसीचा चुलता साइलोसी म्हणाला. "एक इवलासा दात गेला नि हा आला. दादा, सौदा फायद्याचा आहे!"

पुरुष खदखदून हसले. मान खाली घातलेला नेतानीही हसला.

दाराजवळ बायकांत बसलेली ताराइविनी म्हणाली, "दादा, घ्यायच्या आधी पोरीला विचार."

"तुझं ते बोलून बरं करणं सुवाला ठेव," उनाइसीचा बाप अपोरोसा बहिणीकडे न बघताच म्हणाला. "स्वतःचा नवरा टिकवता आला नाही आणि निघाली दुसऱ्यांचे संसार शिवायला!"

पुन्हा हशा पिकला. उनाइसीची आई केलेरा लेकीच्या कानाशी पुटपुटली, "जा गं बाई. मीही गेले होते."

अपोरोसाने दात घेतला. रीत पुरी झाल्याच्या, ओंजळ करून वाजवलेल्या जड टाळ्या घुमल्या.

आणि उनाइसी उठून उभी राहिली. वडीलधारे बसले असताना घरात ताठ उभं राहायचं नसतं. ती राहिली.

"बाबा, माफ तुम्ही केलंत. मला कुणी विचारलंही नाही. ज्यांनी माफ केलं त्यांनीच जावं त्याच्याकडे नांदायला. मी जाणार नाही."

 मग बाप अगदी शांतपणे म्हणाला, "तर या घरातही तुला जागा नाही. आत्तापासून."

उनाइसीने आईकडे पाहिलं. केलेरा चटईची सुटलेली कड बोटांनी नीट करत होती. ती तशीच करत राहिली.

गावातून जाताना दोघींना कुणी हाक मारली नाही. एरवी जेवायला चला म्हटल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ न देणारं ते गाव! बसथांब्यावर उनाइसी म्हणाली, "आत्या, जिवाचं ऐक म्हणायचीस. ऐकलं. मला तर मेल्यासारखं वाटतंय."

अशा वेळी सांगायच्या चांगल्या गोष्टी ताराइविनीकडे पुष्कळ होत्या. त्यातली एकही तिने उच्चारली नाही. "वाटणारच," ती म्हणाली आणि भाचीचं गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं.

मागे घरातून पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. यांगोनाचं पेय फिरू लागलं होतं. जावयाला मानाची वाटी दिली असेल. समेट झाला होता. ज्यांना ज्यांना मार बसला नव्हता, ते सगळे त्यात होते.