एक फेरा कमी

मित्रांनो, गोष्ट सांगायला बसतो, पण आधी कुणीतरी मोरीतला नळ बघून या. थेंब पडल्यासारखा आवाज आला मला. नाही? बरं. मी एक जुना पाइप पाना आहे आणि माझा स्वभाव मुळातच धास्तावलेला. भिंतीआडून पाणी सारखी वाट शोधत असतं. हे ज्याला ठाऊक आहे, त्याने निवांत कसं राहायचं, तुम्हीच सांगा.

माझा जन्म एका भट्टीपाशी झाला. तापलेल्या लोखंडावर घण पडले आणि मी आकाराला आलो. मग एका कारागिराने माझ्या जबड्यात दात कापले, मला उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "धरेल. पण जपून धरेल." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

दुकानात खुंटीला लटकून होतो, तेव्हा मामा मला घ्यायला आले. ते तेव्हा कुणाचेच मामा नव्हते. नुकतेच प्लंबिंगच्या कामाला लागले होते, आणि दुकानदाराला दोनदा विचारून गेले होते की पाना परत करता येतो का. मला घरी नेल्यावर त्यांनी मला एक धाकटा भाऊ आणला, लहान पाना. म्हणून पिशवीत माझं नाव पडलं थोरला.

पुढची वर्षं कामाची गेली. लोक पहाटेपासून मामांना बोलवायचे आणि मामा मला. गंजून गच्च बसलेल्या जोडाशी सगळ्यांनी हात टेकले की मामा म्हणायचे, "थोरल्याला काढा." ते ऐकलं की माझी छाती फुगायची, आणि लगेच वाटायचं, आज नाही निघालं तर?

एकदा तर माझ्यावर भलताच प्रसंग आला. काम उरकून निघायच्या गडबडीत मामा मला एका घरी सिंकखालच्या कपाटात विसरले. अंधार, ओल आणि शेजारी फिनेलची बाटली. दात गंजले, जबडा लहानमोठा करायची कडी अडकली. त्या घरच्या बाईंनी एकदा दार उघडून मला पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. कुणालाच आपली आठवण राहिली नाही, असं समजून मी आशा सोडली होती. मामा मला शोधत परत आले तेव्हा त्यांनी मला रॉकेलमध्ये बुडवलं, ब्रशने घासलं आणि माझी माफी मागितली, अगदी माणसाची मागावी तशी. गंज गेला, पण धसका राहिला. आजही मला जमिनीवर ठेवून कुणी दुसऱ्या खोलीत गेलं की माझा जीव टांगणीला लागतो.

आता मामा खरेखुरे मामा झाले ते त्यांच्या भाचीमुळे. मला सांगायची आहे ती गोष्ट तिचीच.

भाची औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची. एक दिवस ती मामांकडे आली आणि म्हणाली, "मामा, मला तुमचं काम शिकवा. दिवसभर एकसारख्या बाटल्या बघून माझे डोळे लेबलासारखे झालेत." मामा हसले. तिची आई, म्हणजे मामांची बहीण, हसली नाही. "दादा, हिला उगाच फूस लावू नकोस," ती म्हणाली. "हातची नोकरी सोडून कुणाच्या मोऱ्या उपसत बसणार ही? लोक बाईमाणसाला दारात तरी उभं करतील का?"

तरी भाचीने नोकरी सोडली आणि मामांनी तिला शिकवायला घेतलं. पहिले कितीतरी दिवस त्यांनी तिला मला हातच लावू दिला नाही. नळाच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. त्यांवर पांढरी टेप गुंडाळायची आणि मग नळ भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे पाइपच्या वळलेल्या तोंडात फिरवत बसवायचा. एवढंच काम. "आटे ज्या बाजूने आत जातात, त्याच बाजूने टेप," मामा पुन्हा पुन्हा सांगायचे. "उलटी गुंडाळलीस तर नळ फिरताना ती सुटून बाहेर येते आणि गळायला लागतं."

घोळ असा की भाची डावखुरी. वर ती मामांच्या समोर बसून शिकायची, त्यामुळे आरशातल्यासारखं सगळं उलटं दिसायचं. तिचा हात आपसूक उलट्या बाजूने गुंडाळायचा. मामांनी तिला शेवटी शेजारी बसवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तरी मी मनात म्हणत होतो, घाबरली की हिचा हात मूळपदावर जाणार.

मग आली मामींच्या स्वयंपाकघरातली पाळी. मामींचा नळ बदलायचा होता आणि मामांनी मला पहिल्यांदा भाचीच्या हातात दिलं. तिचा तळहात घामाने निसरडा झाला होता. नळ बसला, तोंड बरोबर खाली आलं, एक थेंबही नाही. इथे थांबायचं होतं. पण भाची म्हणाली, "मामा, आणखी एक फेरा देते. मनाच्या समाधानासाठी." नळाचं तोंड पुन्हा खाली यायचं तर फेरा पूर्णच द्यावा लागतो. अर्ध्यावर सोडता येत नाही, आणि मागे फिरवलं तर पकड सैल होते. भिंतीतला एल्बो कसा ताणला जातोय, ते मला दातांतून कळत होतं. मी ओरडलो असतो, पण पान्याला तोंड असतं ते फक्त धरायला.

कट्ट, असा बारीक आवाज झाला आणि भिंतीतून पाणी झिरपायला लागलं.

भिंतीवरच्या फरश्या फोडाव्या लागल्या. मामी पदर खोचून म्हणाल्या, "भाचीचं समाधान झालं असेल तर आता मी भांडी कुठे घासू, तेवढं सांगा." भाची रडकुंडीला आली. मामा ओरडले नाहीत. त्यांनी फुटलेला एल्बो तिच्या हातावर ठेवला. "गळती ताकदीने थांबत नाही, नीट बसवल्याने थांबते. भीती आहे ना, ती हातातून पान्यात उतरते, आणि मग पाना थांबत नाही. इथून पुढे जोड झाला की खाली कोरडा कागद धरायचा. कागद काय म्हणतो ते ऐकायचं, मनाचं ऐकायचं नाही." तेव्हापासून भाचीच्या खिशात एक घडी घातलेला कागद असायचा.

त्यानंतर तिने मला हातात घेतलं की दुधाने पोळल्यासारखी ताकही फुंकायची. मामा शेजारी असले की जमायचं. ते दुसऱ्या खोलीत गेले की ती अर्ध्यावर थांबून त्यांना हाका मारायची.

आणि मग मामांचा खांदा गेला. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि वजन उचलायला बंदी केली. त्याच आठवड्यात एका सकाळी बाइंडरकाकांचा निरोप आला. त्यांच्या वरच्या खोलीतला नळ तुटून पाणी वाहत होतं आणि खाली त्यांचा पुस्तकं बांधायचा कारखाना होता.

मामांनी भाचीकडे बघितलं. भाचीने जमिनीकडे.

"पाठव तिला," भाचीची आईच म्हणाली. "एकदाचं होऊन जाऊ दे. जमलं तर जमलं. नाहीतर सोमवारपासून पुन्हा औषधांचा कारखाना. मुकादमाने जागा ठेवलीय अजून."

"चालेल," भाची म्हणाली. "हे काम बिघडलं तर मी पुन्हा पाना धरणार नाही."

तिने हे इतक्या शांतपणे म्हटलं की माझा जबडा घट्ट झाला. ती गेली तर तिचं काय होणार ते मला दिसत होतं. पुन्हा त्या एकसारख्या बाटल्या. आणि मामांचा हात बांधलेला, म्हणजे मी माळ्यावर.

बाइंडरकाकांच्या घरी शिरलो आणि माझं धाबं दणाणलं. खाली जमिनीपासून छातीपर्यंत पुस्तकांच्या थप्प्या. खळीचा वास. छताच्या फटीतून थेंब पडत होते आणि त्यांच्याखाली काकांनी बादली, पातेलं आणि एक जुना टोप मांडला होता. काका किडकिडीत, बोटांना सुकलेला गोंद. भाचीच्या मागे कुणी येतंय का, ते त्यांनी वाकून बघितलं.

"मामा कुठायत?"

"त्यांचा खांदा दुखावलाय. मीच आलेय."

"एकटीच?"

"पाना आहे बरोबर," भाची म्हणाली. मित्रांनो, असं बोलून लोक आपल्यावर केवढा भार टाकतात, त्यांना कल्पना नसते.

तिने आधी घराचं पाणी तोडणारा मेन कॉक बंद केला. तुटका नळ काढला, एल्बोतले आटे चिंधीने पुसले. इथवर हात स्थिर होता. मग ती नव्या नळावर टेप गुंडाळायला बसली, आणि काका तिच्या डोक्याशी उभे राहून म्हणाले, "खालची पुस्तकं शाळांची आहेत बरं का. उद्या द्यायचीत. ओली झाली तर मी गेलो बाराच्या भावात. घाबरू नकोस, सहज सांगतोय."

घाबरू नकोस म्हणाले, आणि तिचा डावा हात उलटा फिरायला लागला.

मी बघत होतो. एक वेढा उलटा. दुसरा उलटा. तिसराही. मी नुसता जमिनीवर पडून होतो. हातात असतो तर निसटून पडलो असतो, काहीतरी आवाज केला असता. तिने टेप तोडली, नळ एल्बोत फिरवला, चिंधी गुंडाळून मला लावलं आणि हलकेच आवळलं. नळाचं तोंड बरोबर खाली आलं. दिसायला काम फक्कड. तिने मेन कॉक उघडला आणि खिशातला कागद जोडाखाली धरला.

कागदावर एक ठिपका उमटला. मग दुसरा.

"गळतंय," काका म्हणाले.

"हो."

"मग आवळ ना आणखी. एक फेरा दे."

भाचीने मला उचललं. तिचा घाम माझ्या दांड्यावरून ओघळत होता. तिने जबडा नळावर बसवला आणि जोर द्यायला सुरुवात केली. भिंतीतला एल्बो ताणायला लागला. तोच ताण, मामींच्या भिंतीतला. आता कट्ट होणार, छत गळणार, पुस्तकं भिजणार, आणि सोमवारी ही पोर बाटल्यांसमोर बसणार. मला रडता येत असतं तर मी तिथेच रडलो असतो.

ती थांबली.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, आता हातपाय गाळणार. पण ती स्वतःशीच पुटपुटली, "ताकदीने थांबत नाही." मग तिने मला सैल केलं, मेन कॉक परत बंद केला आणि बसवलेला नळ उलटा फिरवून काढायला लागली.

काका हवालदिल झाले. "अगं, काढतेस कशाला? मघाशी नुसतं गळत होतं, आता तर भिंतीला भोक आहे."

"काका, आत काहीतरी चुकलंय. वरून आवळून ते बरोबर होणार नाही."

नळ बाहेर आला. टेप सुटून तोंडाशी गोळा झाली होती, चुरगळलेल्या दोऱ्यासारखी. भाचीने ती बोटाने ओढली आणि तिच्या लक्षात आलं. "उलटी," ती म्हणाली. "उलटी गुंडाळली मी." तिच्या आवाजात लाज होती, पण त्याहून जास्त सुटका होती. चूक सापडली होती, आणि ती भिंतीत नव्हती, हातात होती.

तिने आटे पुन्हा साफ केले. नळ दुसऱ्या हातात घेतला, आटे आत कसे जातात ते हवेत फिरवून पाहिलं आणि मग सावकाश टेप गुंडाळली. काका काहीतरी बोलणार होते. ती म्हणाली, "काका, एवढं होईपर्यंत खाली जाऊन बादली बघता का?" काका मुकाट्याने गेले. मला तिचं तेव्हा फार कौतुक वाटलं.

नळ बसला. चिंधी लावून मी हलकेच आवळलं. तोंड खाली आलं. काका वर आले. पाणी सुरू झालं.

भाचीचा कागद भिजलेला होता, म्हणून काकांनी आपल्या खिशातली पातळ कागदाची पट्टी फाडून दिली. ती जोडाखाली धरून दोघं उभे राहिले.  मी तर आवाजही ऐकत नव्हतो, फक्त तो कागद बघत होतो. बराच वेळ गेला. शेवटी काकांनी पट्टी अंगठ्याखाली घासून पाहिली. सगळा जन्म कागदात गेलेला माणूस तो.

"कोरडा आहे," ते म्हणाले. "चांगला कोरडा." मग जरा घुटमळून म्हणाले, "तरी पण, एक फेरा देऊन टाकायचा का? आपलं मनाच्या समाधानासाठी?"

"नाही काका. तो एक फेरा कमीच ठेवायचा."

आणि तिने मला खाली ठेवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात लोकांनी मला पुष्कळदा उचललं, पण इतक्या वेळेवर कुणी खाली ठेवलं नव्हतं. ती दुसऱ्या खोलीत गेली तेव्हाही या वेळी मला धसका वाटला नाही. वाटला, पण थोडा. निघताना तिने सगळ्यात आधी मला पिशवीत घातलं.

घरी मामा उंबऱ्यातच बसले होते. आई आत, पण कान बाहेर. "कागद?" मामांनी विचारलं. भाचीने मूठ उघडली. काकांची पट्टी तिच्या मुठीत चिंब झाली होती.

मामांचा चेहरा उतरला. "ओला आहे गं हा."

"तो घामाने, मामा," भाची म्हणाली. "नळाखाली कोरडा होता. वाटभर मीच मूठ सोडली नाही."

मामा हसायला लागले आणि खांदा धरून कळवळले, तरी हसतच राहिले.  आई पदराला हात पुसत बाहेर आली, पिशवीतून मला काढलं आणि उलटंपालटं करून बघितलं. "एवढा जड घेऊन फिरतेस?" ती म्हणाली. मग आतून कोरडं फडकं आणून, उंबऱ्यातच बसून, ती मला पुसायला लागली. सोमवारचं नाव तिने काढलं नाही.

म्हणून तुम्हाला विनवणी करतो. काम झालं की मला कोरडं करा, दातांवर तेलाचा थेंब सोडा, आणि कुठल्या सिंकखाली विसरू नका. आणि मनात भीती असेल तेव्हा मला आवळत बसू नका. आधी मला खाली ठेवा, काय चुकलंय ते उघडून बघा.

त्या दिवशी आईने दातादातातून फडकं फिरवलं. शेवटी कडीशी आली, ती जरा घट्ट वाटली म्हणून तिने लेकीला विचारलं, "हे कुठल्या बाजूला फिरवतात?"

"इकडे," भाची म्हणाली, आणि समोर न बसता आईच्या शेजारी येऊन बसली.