घटातला शाळू

त्र्याहत्तरच्या नवरात्रात घट बसले त्या दिवशी गुलाबनं आळीतल्या बायकांना देवीच्या पूजेचा अर्थ समजावून सांगितला. घट म्हणजे गर्भ, काळी माती म्हणजे आई, उगवलेलं धान म्हणजे सृष्टी. सगळं प्रतीक असतं. बायकांनी ऐकून घेतलं. बी.एस्सी. झालेली सून, त्यातून सोसायटीत बियाणं तपासायला. तिला मध्येच कोण थांबवणार?

दुष्काळात घरोघरचं बी खाऊन संपलं होतं. रानात ओल होती ती एकाच पेरणीपुरती, आणि घरोघरी पोहोचलेला शाळू सोसायटीचा. त्याची उगवण गुलाबनंच तपासून फळ्यावर लिहिली होती: ब्याण्णव टक्के. टक्क्याखाली रेघही ओढली होती.

पाचव्या माळेला घटाला पाणी घालता घालता तिच्या सासूबाई, शिवम्मा, म्हणाल्या, "शाळू न्हाय आला गं. उद्याची पेरणीची पाभर थांबवावी म्हणते."

"पाणी जास्त झालं असेल, आत्या. देवघरात अंधारही आहे. घटावरून बियाणं ठरतं का कुठं?"

"मग गहू कसा आला? त्येच पाणी, त्योच अंधार."

बाकी सगळं सारखं ठेवून तुलना करायची, प्रयोगात याला कंट्रोल म्हणतात. परीक्षेत त्या प्रश्नाला गुलाबला दहापैकी नऊ मिळाले होते.

"आरतीला हिंडतो की आमी," शिवम्मा म्हणाल्या. "चौदा घट बघितले. अकरा घरी शाळू न्हाय. शेजारच्या गौराबाईचा मातर बोटभर. तिनं गोदामाच्या दारातलं पोतं उचललं व्हतं."

गुलाबनं नमुना दारातल्याच पोत्यातून घेतला होता. नियमानं थप्पीच्या प्रत्येक थरातून घ्यायचा. पण थप्पी आढ्याला टेकलेली, आणि त्या दिवशी अंगावर नवं पातळ.

ती तशीच गोदामात गेली. मागच्या भिंतीकडच्या पोत्यांत हात घातला तर बी उबट, कुबट वासाचं. तिच्या टेबलापासून वीस पावलांवर.

फळा पुसून तिनं लिहिलं, 'पेरू नये. तपासणी माझी चुकली.' दोन दिवस कोरडी पोती निवडून सगळ्यांना थोडं थोडं वाटलं. पेरा पातळ झाला, पण ओल वाया गेली नाही.

तालुक्याला पाठवायच्या कागदावर 'तपासणीची पद्धत' असा रकाना होता. तिनं लिहिलं: घट, चौदा घरं.

दसऱ्याला शिवम्मा म्हणाल्या, "गुलाब, त्ये प्रतीक का काय, गौराबाईला सांग बरं. घट बसले त्या दिवशी ती पाण्याला गेलती."