पाहुण्यांची वडी

मी कस्तुराबाईंच्या कोनाड्यातली गुलाबी साबणाची वडी बोलतेय. आता पार पातळ झालेय, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

मराठवाडा नव्या राज्यात आला त्या साली मला बार्शीच्या बाजारातून ईट गावाला आणलं. कस्तुराबाईंनी मला हुंगलं आणि फर्मान काढलं, "ही पाहुन्यासाठी. घरच्यांनी हात लावायचा न्हाय." घरच्यांची अंघोळ व्हायची कपड्यांच्या पिवळ्या वडीनं. ती पिवळी मोठी खमकी! धोतराच्या मळासोबत हाताची सालंही काढायची.

आमच्या जातीतलं गुपित सांगते. तुमच्या कातडीत प्रथिनं असतात आणि त्यांना सांभाळणारं थोडं तेल. जहाल खाराच्या साबणानं प्रथिनं फुगतात, तेल निघून जातं, कातडी ओढते आणि तडकते. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, खार माझ्यातही आहे. पण माझ्यात तेल जास्त राखलेलं, म्हणून मी सबुरीनं घेते.

थोरली लेक अयोध्या, तिला बघायला माकणी गावची मंडळी येणार होती. आधीचं स्थळ 'पोरगी काळी' म्हणून परतलेलं. हेही गेलं तर बापाच्या वयाच्या बिजवराच्या गळ्यात बांधायचं ठरलं होतं. कस्तुराबाईंचा हिशेब सरळ होता: घोंगडीचा मळ काढणारी पिवळी वडी पोरीचा रंगही उजळेल! रोज दोन्ही वेळा तोंड घासणं सुरू झालं.

"आये, लई आग व्हतीया."

"सोस जरा. पुढं सुख हाय."

मला तोंड असतं तर कोनाड्यातून ओरडले असते.

बघायच्या दिवशी गालांवर लाल चट्टे, वर कोंडा. पोरगी पदराआड बसली. पाहुण्यांना हात धुवायला मला बाहेर काढलं. मुलाच्या आईनं, हरणाबाईंनी, मला उचललं तर त्यांच्या बोटांना भेगाच भेगा. न्हाणीतली पिवळी वडी त्यांनी पाहिली आणि मला हातात धरूनच ओल्या हातानं अयोध्येचा पदर वर केला.

"पोरीला ह्या वडीनं घासलंय व्हय?"

"रंग उजळंल म्हनलं..." कस्तुराबाई रडवेल्या झाल्या.

"रंग काय चुलीत घालायचाय? माझे हात बघा. भाकर थापताना रगत येतंय." मग मला दाखवून म्हणाल्या, "अन् ही कुनासाठी?"

"पाहुन्यासाठी."

"मग ही पोरीलाच द्या. आजपासनं तुमच्या घरात हीच पाहुनी."

पोरगी पसंत पडली, आता ती सासरची झाली, हे कस्तुराबाईंच्या ध्यानात आलं. मग त्या डोळ्यांना पदर लावून हसल्या.

अयोध्येच्या पेटीतून मी माकणीला आले. इथं मला दोघीही वापरतात, सासू आधी. हरणाबाईंच्या भेगा भरत आल्यात, भाकरीला डाग लागत नाही. मी मात्र दोन-चार दिवसांची सोबतीण. माझं एकच मागणं आहे: माझ्या जागी नवी वडी आणाल, ती पाहुण्यांसाठी म्हणून कोनाड्यात ठेवू नका.