‘मले’चे ‘मला’ झाले

मित्रांनो, मी एक जुने ॲप आहे. माणसांचे पासवर्ड सांभाळणे हे माझे काम. आज माझ्या पोटात एकही पासवर्ड उरलेला नाही. त्याचे मला दुःख कमी, संताप अधिक आहे.

एका लहानशा कंपनीतल्या चौघांनी मला घडवले. पुढे वडनेर भोलजीच्या शारदाबाईंच्या फोनमध्ये माझा संसार सुरू झाला. त्या रोहिणखेडच्या शाळेत शिक्षिका. वीजबिलापासून शाळेच्या कामापर्यंतचे सारे पासवर्ड त्यांनी माझ्या हवाली केले आणि मला उघडण्यासाठी इंग्रजी अक्षरांत एकच वाक्य ठेवले, ‘मले सांगू नको’. ते त्यांच्या सासूबाईंचे ठेवणीतले वाक्य. “हे माह्या सासूबाईवानीच आहे, कोणाले दाद देत नाही,” असे त्या कौतुकाने म्हणत.

दिवाळीला त्यांचा मुलगा शौनक पुण्याहून आला.

“आई, हे डबडं अजून वापरतेस?”

“चालून राह्यलं ना बाप्पा. तुले काऊन खुपते?”

“नवीन जास्त सुरक्षित आहे.”

डबडे! मी एकदाही दगा दिला नव्हता. त्याने माझ्यातले सारे नव्या ॲपमध्ये नेले. आईला विचारून वाक्यही तेच लावले. पण ‘मले’ऐवजी ‘मला’ लिहिले. पुण्याच्या वसतिगृहात मुले ‘मले’ला हसत, तेव्हापासून त्याच्या बोटांनी तो शब्द सोडूनच दिला होता. त्याला चूक कळलीही नाही. ते वाक्य आईच्या हातून एकदाही लिहवून न घेता त्याने मला रिकामे केले.

नवे ॲप काही दिवस बोटाच्या ठशाने उघडत राहिले. मग फोन बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि त्याने वाक्य मागितले. नेमका तो बदलीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून शारदाबाईंना गावाजवळची शाळा हवी होती. त्यांनी पुन्हा पुन्हा ‘मले’ लिहिले, दार उघडेना. अर्जाचा नवा पासवर्ड मागवावा, तर तो बंद झालेल्या जुन्या नंबरवर जाणार. शौनक मीटिंगमध्ये होता.

त्याचा फोन आला तेव्हा मुदत संपली होती.

“काय लिहिलं होतं तू?”

“तू सांगितलंस तेच. मला सांगू नको.”

“मी ‘मले’ म्हनलं होतं.”

“एकच आहे ना आई ते?”

“कुलपाले नाही.”

इतके सुरक्षित ॲप, की धनीणही आत जाऊ शकली नाही!

मित्रांनो, जुने बदला, माझी हरकत नाही. पण ज्याचे कुलूप त्याच्या हाताने उघडल्याशिवाय जुने दार बुजवू नका. आणि आईचे शब्द न विचारता दुरुस्त करू नका. उद्याही शारदाबाई सासूबाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून रोहिणखेडच्या पहाटेच्या एसटीला उभ्या राहतील.