दोरीवरचा मोजा

टक्. दुपारच्या शांततेत चिमटा फरशीवर पडला आणि मी जागच्या जागी थिजले. पलंगावर भिंगरीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. वाचले.

लेकीची दुपारची झोप एवढीच माझी हक्काची वेळ. कपड्यांच्या दोरीचा तुकडा खिडकीपासून कपाटापर्यंत बांधून मी त्यावर चिमट्यांनी इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या टांगत होते. शी, ड्रिंक्स, मिल्क. हातात उरला होता स्लोली.

भिंगरी झाली तेव्हा शिकवणं सुटलं. आता मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गात जागा निघाली होती. तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "घरी बसून गंज चढतो हो. एक तास घेऊन दाखवा, जमलं तर जागा तुमची." विषयही त्यांनीच दिला: वाक्यात क्रियाविशेषण कुठे ठेवायचं. तो गंज मला भांडी घासतानाही टोचत होता.

नणंद दारातून डोकावली. "वहिनी, इंग्रजी वाळत घातलंस, पण पोरीचे फ्रॉक-मोजे अजून बादलीतच आहेत."

"ते तुम्ही घाला. मी नोकरी वाळवतेय."

ती हसत बादली घेऊन गेली. तेवढ्यात भिंगरी उठली, तिने मला वाक्य लावताना पाहिलं आणि तिलाही मदत करायची होती. मी चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा वर्गाला उशीर झाला होता, म्हणून न बघताच दोरी चिमट्यांसकट गुंडाळून पिशवीत कोंबली आणि लेकीला नणंदेच्या कडेवर देऊन पळाले.

वर्गात मागच्या बाकावर मोठ्या बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. मी एकेकाला आपल्या कामाबद्दल बोलायला सांगितलं. बसचा ड्रायव्हर छाती काढून म्हणाला, "आय ड्राइव्ह केअरफुली द बस." कुणालाच खटकलं नाही. आपण 'मी जपून बस चालवतो' म्हणतो, 'मी बस जपून चालवतो'ही म्हणतो. आपल्याकडे जपून कुठेही सामावून जातं.

मी दोघांना दोरीची टोकं धरायला लावली. दोरी ताणली आणि वर्ग खदखदून हसला. ड्रिंक्स आणि मिल्क यांच्या मधोमध एक इवलासा पिवळा मोजा लोंबत होता. अजून ओलाच.

मोठ्या बाईंच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या. मोजा काढून घ्यायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

"हा इथे चालेल?" मी विचारलं.

"छे हो," बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या. "दूध आणि पिणं यांच्यात मोजा आला तर ती पिणार कशी?"

"मग त्याच्या जागी स्लोली ठेवला तर?"

ड्रायव्हर उठला, मोज्याकडे बघत राहिला आणि स्लोलीचा चिमटा घेऊन त्याने मिल्कच्या पुढे, अगदी शेवटी लावला. "मधे नकोच. मधे आला की मोजाच तो. म्हणजे मी आधी 'द बस' म्हणून घ्यायचं, मग 'केअरफुली'."

"आणि ऑलवेज?" मी नवा चिमटा पुढे केला.

रात्रपाळीच्या नर्सने तो घेऊन ड्रिंक्सच्या अलीकडे लावला. "हा कामाच्या आधी हजर. आमच्या मेट्रनसारखा."

मग वर्ग माझा राहिलाच नाही. जो तो उठून शब्द लावू लागला. कुणी मधे घुसवला की बाकीचे एका सुरात म्हणत, "मोजा, मोजा." तास संपल्यावरही कुणी घरी जाईना.

मोठ्या बाई पुढे आल्या. गंजाचं नाव नाही. दोरीवरचा मोजा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "सोमवारपासून या. आणि याला घेऊन या, विसरू नका."

रस्त्याने मी जवळजवळ धावतच आले. दारातच नणंदेला मिठी मारली. ती म्हणाली, "कळलं, कळलं, आता फ्रॉक मीच वाळत घालायचे रोज."

भिंगरी एका पायात मोजा घालून उभी होती. मी तिला उचलून गरकन फिरवलं, पिवळा मोजा दाखवला, हा माझ्याबरोबर कामाला आला होता म्हणाले, सगळे याच्यावर खूश झाले, आता तो रोज येणार.

तिने मोजा हातात घेतला, उलटा करून आत पाहिलं.

"मोज्याला नेलंस. मग मला का नाही?"