निचऱ्याचा पाइप

"काका, तुमच्या पाइपनं यांचं घर मधोमध कापलंय बरं का!" खड्ड्यातून केटलिन ओरडली आणि खोदणारे सगळे हसले.

ऑर्व्हल टीसडेलही हसला. कॅनडातल्या ऑन्टारिओत आपल्या मक्याच्या शेताखाली तिथल्या मूळनिवासी वेन्डाट लोकांचं सहाशे वर्षांपूर्वीचं गाव निघालं, याचा त्याला कोण अभिमान! महिनाभर तो उत्खनन करणाऱ्या या मंडळींना घरचे गोड टार्ट आणून खाऊ घालत होता. आसपासच्या निम्म्या शेतांत निचऱ्याचे पाइप आपणच टाकले, हेही त्यानं प्रत्येकाला दोनदा तरी ऐकवलं होतं.

मग केटलिन खाली वाकली. पाइपाच्या कडेला पायाची इवलीशी हाडं होती. कमरेच्या वरचं काहीच नव्हतं.

वेन्डाटांच्या वतीनं कामावर लक्ष ठेवणारी एलीझ व्हिन्सेंट खाली उतरली. बाई साठीची, रोज ऑर्व्हलची टिंगल करणारी. आज तिनं नुसती ओंजळभर माती हाडांवर लोटली.

"तान्ह्यांना आमच्यात लांब नेत नसत," ती म्हणाली. "जाण्यायेण्याच्या वाटेतच पुरायचे. एखाद्या बाईच्या पोटी पुन्हा यावं म्हणून. उद्या इथंच झाकू. अर्धं तर अर्धं."

अठ्ठ्याऐंशी सालच्या वसंतात हा पाइप टाकताना यंत्राच्या दात्यांत हाडं आली, तेव्हा ऑर्व्हलनं कवटी पाहिली होती. पण कळवलं असतं तर काम थांबलं असतं, पेरणी हुकली असती. म्हणून बायकोला म्हणाला, 'कोकरू होतं गं.' शेतात हाडं निघाली की त्या भागातले सगळेच तसं म्हणत.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एलीझ, बाकीचं मीच टाकलंय. बांधावरच्या दगडांच्या ढिगाखाली. माणसाचं आहे, ते ठाऊक होतं मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ढिगापाशी जाऊन त्यानं जागा दाखवली आणि दगड उचलायला वाकला.

"तुम्ही नको," एलीझ म्हणाली. "हात लावू नका आता."

तो मागं सरला. एलीझ आणि केटलिन एकेक दगड बाजूला ठेवू लागल्या. घरी जावं तर पळाल्यासारखं दिसेल, थांबावं तर तिथं तो कुणालाच नको होता. मातीत पांढरं काही दिसलं, तशी एलीझनं अंगातला कोट काढून शेजारी अंथरला.

"कुठल्या कुशीवर होतं बाळ?" तिनं वर न बघता विचारलं. "तसंच निजवायचंय परत."

त्या दिवशी किती फूट पाइप गेला, ते ऑर्व्हलला अजून आठवत होतं. बाळ कुठल्या कुशीवर होतं, ते त्यानं पाहिलंच नव्हतं.