मामा म्हनजे कोन

"माह्यं नाव काढ म्हनतो ना त्या पुस्तकातून!"

"हळू बोल, बाबा झोपले हायेत. आन् काऊन काढू? चार महिने तू फिरला गावोगाव. लोकायचं नाव छापून आलं त खुश होतेत, तू भुकून राह्यला."

"मले नाई पाह्यजे तुह्ये आभार."

"मंग काय पाह्यजे?"

मी दाराची कडी वाजवत उभा राह्यलो.

नीलिमाताई माह्या मोठ्या बापाची पोरगी. गावच्या शाळेत सातवीपर्यंत, मंग वरोऱ्याले मावशीकडं बारावी, मंग नागपूरले कॉम्प्युटरचं इंजिनेरिंग, मंग हैदराबाद. आता सोमवारी तिची शेवटची तोंडी परीक्षा. पाच मोठे लोकं समोर बसून विचारतीन, तिनं बरोबर सांगतलं त नावापुढं डॉक्टर. मी नववीतच शाळा सोडली. सर भर वर्गात म्हनले, "ताईकडं पाह्य अन् सोताकडं पाह्य." मी पाह्यलं नाई, डस्टर फेकून मारलं.

त्या पुस्तकात तिचं संशोधन हाये, म्हनजे मशीनले आपली बोली शिकवनं. पुन्याची मराठी मशीनले समजते, आपली नाई समजत. म्हनून तिनं एक फोन नंबर चालू केला. जंगलात वाघ दिसला का तिथी फोन लावाचा, जसं बोलता तसं बोलाचं. मशीन ऐकते अन् जंगलाच्या गार्डच्या मोबाईलवर घंटी वाजवते, मंग गार्ड गाडी घेऊन येते. शंभरातून चौऱ्यान्नव वेळा बरोबर. तिचा तो कागद परदेशातल्या मोठ्या सभेत वाचला गेला. तवा मोठ्या बापानं गावभर बुंदी वाटली.

मशीनले शिकवाले आवाज लागत होते. ते मी आनले. ग्रामपंचायतीत खुर्ची टाकली, पंखा बंद केला, लोकायले एकेक करून बसवलं अन् तोंडासमोर मोबाईल धरला.

आन् चैत्रात शेजारचा पत्रूकाका गेला.

मोहफुलं वेचाले गेलता. सकाळी साडेसहाले त्यानं त्या नंबरवर फोन लावला. त्या फोनचं रेकॉर्डिंग ताईच्या लॅपटॉपवर हाये. "मामा बसला हाये नाल्यात. या लवकर." लय हळू आवाजात. मशीन म्हनली, "तुमचा निरोप मिळाला, धन्यवाद." अन् खाली लिवलं, घरगुती बोलनं, गार्डले सूचना नको.

निरोप मिळाला म्हनल्यावर काका काऊन पळन? गाडी येऊन राह्यली म्हनून तो मोहाच्या झाडाखाली उभा राह्यला. गाडी नाई आली, मामा आला.

आमच्या इकडं जंगलात कोनी वाघ म्हनत नाई. नाव घेतलं का तो ऐकते. मामा म्हनाचं. लेकरू बी मामाच म्हनते.

"तुह्या रागाचं कारन मले समजते," ताई म्हनली. तिच्या आंगठ्याचं नख दातानं पार खाल्लेलं होतं. "चूक माह्यी हाये. पंधरा वर्सं बाहेर राह्यली, मामा इसरून गेली. सोमवारी मी हेच सांगनार. लोकायनं सांगतलं नाई अन् मी विचारलं नाई."

"सांगतलं होतं."

"काय?"

"सांगतलं होतं त्यायनं. पंचायतीतच. अर्धे म्हातारे मामा म्हनले. मी..." मी कडी सोडली. "मले वाटलं हैदराबादले हे ऐकतीन त हासतीन. गावठी म्हनतीन तुले. म्हनून मी पुन्हा बोलाले लावलं. नीट सांगा म्हनलो. मामाचे सगळे पुसून टाकले."

ताई उठली नाई, ओरडली नाई. ओरडली असती त बरं झालं असतं, मले भांडता आलं असतं.

ती लॅपटॉपमंदी शोधत राह्यली. लय वेळ. बाहेर कोंबडी पाटीवर चोच मारत होती, टक टक. मंग एक आवाज सापडला. एकच राह्यला होता. नावाच्या जागी मी चुकीचा नंबर टाकला होता, म्हनून पुसला गेला नाई.

पत्रूकाका. खुर्चीत बसून खुदखुदत होता. "मामा दिसला त मामाच म्हनन ना बावा."

आन् मागून माहा आवाज. "अबे काका, शिकलेल्या लोकायसाठी हाये हे! वाघ म्हन, वाघ!"

"बरं बावा, वाघ. झालं? आता इथी छप्पर हाये म्हनून म्हनतो. तिकडं नाई म्हननार."

ताईनं ते दोनदा लावलं. तिसऱ्या खेपेले मी लॅपटॉपचं झाकन आपटलं.

"तुह्यं नाव नाई काढत मी," ती म्हनली. "आभाराच्या पानावरून उचलते अन् जिथी चूक लिवली त्या पानावर टाकते. माह्या नावाच्या खाली. हा आवाज बी ऐकवीन त्या पाच जनायले. डॉक्टर करतीन नाईतर आनखी दोन वर्सं कर म्हनतीन. करीन."

"नको करू ना ताई. तुह्यं सगळं..."

"ते मी पाह्यते. सोमारीकाकूले कोन सांगनार?"

"तू मोठी हायेस."

"आवाज कोनाचा हाये त्याच्यात?"

सोमारीकाकू म्हनजे पत्रूकाकाची बायको. ती अजून सगळ्यायले सांगते का त्यानंच काईबाई बोललं आसन फोनवर, दारू पेला आसन, म्हनून मशीनले समजलं नाई. रोज सांगते. काका पेत नव्हता. तिले बी मालूम हाये, पन दुसरं कारनच नाई तिच्याजवळ.

ताई म्हनली, कागदावर लिवून घे आधी, नाईतर तू तिच्याशी बी भांडशीन. म्हनून हे लिवलं. सकाळपासून तीनदा फाडलं. खिडकीतून काकूचं आंगन दिसते. काकाची टोपली भिताडाले तशीच टांगली हाये, बुडाले वाळलेली दोन फुलं चिकटून.

काकू आली. सरपन टाकलं तिनं. इकडंच पाहून राह्यली. मले आता तिच्याकडं निघा लागते.